निरक्षर बहिणाबाई आणि अवधूताचे गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती आली की भागवताच्या एकादश स्कंधातली यदुराजा आणि अवधूताची कथा आपण ऐकतो. अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, पाणी, मधमाशी, कोळी, अजगर, अगदी लहान मूलसुद्धा. कथा ऐकून आपण प्रसाद घेतो आणि घरी येतो. पण असेच गुरू करून संसार निभावणारी एक बाई आपल्या खान्देशात होऊन गेली. त्या म्हणजे बहिणाबाई चौधरी. म्हणून यंदा त्यांच्यावर लिहावेसे वाटले.

जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा, महाजनांच्या घरातला. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. शेत, गुरे, घरोट आणि चूल यांतच दिवस जायचा. तिसाव्या वर्षी नथूजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान. त्या काळात शेतकऱ्याच्या घरातल्या तरुण विधवेचे जिणे कसे असेल, ते आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

आता खरा मुद्दा. माणसावर काय ओढवते ते त्याच्या हातात नसते, पण त्याकडे कसे बघायचे ते असते. बहिणाबाईंनी दुःख लपवले नाही. कपाळीचे कुंकू पुसल्याची कळ त्यांच्या गाण्यात आहे. पण त्याच गाण्यात त्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात. उद्याचे भविष्य दुसऱ्याकडून ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. त्या कामाला लागल्या, आणि काम करता करता समोर दिसेल त्याच्याकडून शिकत गेल्या. सुगरणीच्या खोप्यातून कष्ट आणि माया, मातीतून उगवणाऱ्या बीमधून देवाची करणी. मनावरचे त्यांचे गाणे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मन किती ओढाळ असते, हे त्यांनी पिकात शिरणाऱ्या गुरावरून ओळखले.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. अवधूताने पिलांच्या मोहाने जाळ्यात सापडलेल्या कपोत पक्ष्याकडून आसक्ती सोडायला शिकले. बहिणाबाईंनी पिलांसाठी घरटे विणणाऱ्या पक्ष्याकडून संसार पेलायला शिकले. बघण्याची रीत एकच. तो संन्यासी, ही गृहस्थाश्रमी. आपल्यासारख्या संसारी माणसांना म्हणूनच बहिणाबाई जास्त जवळच्या वाटतात.

मी बँकेत नोकरी केली, जळगावला आणि धुळ्यालाही. काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या कितीतरी आयाबाया पाहिल्या. अक्षर येत नाही, पण हिशोब तोंडपाठ. शिक्षण आणि शहाणपण ही दोन वेगळी खाती आहेत, हे तिथेच कळले.

बहिणाबाई बोलत त्या आपल्या लेवा बोलीत. काम करताना गाणे सुचे. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसे उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. स्वतःचे पुस्तक बघणे त्यांच्या नशिबी नव्हते. आज जळगावच्या विद्यापीठाला शाळेत न गेलेल्या या माउलीचे नाव आहे.

आपल्यापैकी कुणाचा जोडीदार गेला आहे, कुणाची मुले पुण्या-मुंबईला आहेत. सकाळी आरतीनंतर ओट्यावर बसलो की तक्रारींची खतावणी सुरू होते. तक्रार खोटी नसते हो, पण तिने दिवस पुढे सरकत नाही. चांगल्या विचाराने नथूजी परत आले नाहीत, गरिबी एका रात्रीत गेली नाही. पण तीन लेकरे वाढली आणि मन कडू झाले नाही. हे थोडे आहे का?

तेव्हा भाविकहो, यंदाच्या दत्तजयंतीला आपणही एखादा गुरू करू या. अंगणातली चिमणी चालेल, दारातला निंबही चालेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥