गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : २७ जुलै १९३८, शिकागो, मृत्यू : ४ मार्च २००८, लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन खेळरचनाकार व लेखक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा व्यापारी स्वरूपात प्रसिद्ध झालेला पहिला भूमिकाखेळ मानला जातो. या खेळात टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एक जण निवेदक व पंच होतो आणि पात्राची कृती साधली की फसली हे फासे ठरवतात.

पूर्वायुष्य

गायगॅक्स यांचे वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक होते. गॅरी लहान असतानाच कुटुंब लेक जिनिव्हा येथे स्थायिक झाले. शालेय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. पुढे शिकागोतील एका विमा कंपनीत ते जोखमीचे मूल्यमापन करीत. टक्केवारीची कोष्टके मांडण्याची त्यांची आवड याच नोकरीत जोपासली गेली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. नोकरी गेल्यानंतर काही काळ त्यांनी जोडे दुरुस्त करून संसार चालविला.

१९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हा येथे युद्धखेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरविला. तोच पुढे ‘जेन कॉन’ या नावाने प्रसिद्धी पावला. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये डॉन केय या बालमित्रासह त्यांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही संस्था स्थापन केली. नव्या खेळाच्या पहिल्या १,००० प्रती वर्षाच्या आत संपल्या.

झटापटीचे नियम

‘चेनमेल’च्या मोठ्या लढायांत एक बाहुली वीस सैनिकांचे प्रतिनिधित्व करी. तेथे कोणी कोणाचे मनगट धरले, हा प्रश्नच उद्भवत नसे. एक खेळाडू म्हणजे एक पात्र असे ठरताच मात्र तो टाळता येईना. १९७५ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात दिलेले त्याचे उत्तर साधे होते : धरणारे आणि धरला जाणारा यांनी आपापल्या बळाप्रमाणे फासे टाकावेत, ज्याची बेरीज अधिक त्याची सरशी.

१९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये हा साधेपणा उरला नाही. ठोसे मारणे, पकडणे आणि अंगावर कोसळून पाडणे असे तीन प्रकार करून प्रत्येकासाठी स्वतंत्र कोष्टक दिले गेले. चिलखत, शक्ती, चपळाई, उंची, वजन अशा गोष्टींची बेरीज-वजाबाकी करून टक्केवारी काढावी लागे. तलवारीच्या घावाला वीस बाजूंचा एक फासा पुरेसा असताना मनगट धरण्यासाठी खेळ थांबवून गणित मांडावे लागणे ही या ग्रंथाची उघड उणीव होय. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’त निःशस्त्र झुंजीची पर्यायी पद्धत द्यावी लागली, यावरून ती गायगॅक्स यांनाही जाणवली असावी.

त्याच १९७९ च्या ग्रंथातील दुसरा नियम अधिक टिकला. झुंजीतून पाठ फिरवून पळणाऱ्यावर प्रतिस्पर्ध्याला एक फुकटचा वार करता येई, आणि तोही भांबावलेल्या शत्रूवर मागून केलेल्या वाराइतका सोपा धरला जाई. त्यामुळे माघार घ्यावी की लढत राहावे, हा निर्णय खऱ्या अर्थाने कठीण झाला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘संधीचा वार’ म्हणून या कल्पनेचा मोठा विस्तार झाला. विशेष कौशल्य नसताना शत्रूला पकडू पाहणाऱ्यावरही असा वार होऊ लागला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो मुख्यतः शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यापुरता ठेवला आणि पकड दोन फाशांच्या तुलनेवर आणली. ही तुलना १९७९ पेक्षा १९७५ च्या उत्तराला जवळची आहे.

वाद व उत्तरायुष्य

श्रेय आणि मानधन यांवरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला; १९८१ मध्ये तडजोड झाली. १९८५ मध्ये संस्थेचे नियंत्रण लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेले आणि पुढच्या वर्षी गायगॅक्स बाहेर पडले. स्वतःच लिहिलेल्या नियमांत दुरुस्ती करण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरला नाही. १९८९ ची दुसरी आवृत्ती त्यांच्याविना निघाली. १९९२ मध्ये त्यांनी ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आणला, तेव्हा जुन्या संस्थेने त्यांच्यावरच खटला भरला. १९९४ मध्ये तो तडजोडीने मिटला. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके येऊनही ते लेक जिनिव्हा येथील घरी मित्रांसह खेळत राहिले.