पेशी वाढवल्या, माणसंही घडवली

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात? मग घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच, पुढे काय? बुलढाणा असो की चिखली, मेहकर असो की खामगाव, प्रश्न सेमच. स्पर्धा परीक्षा, बीएड, नाहीतर पुणं. संशोधन करायचंय म्हणालात की समोरचा क्षणभर गप्प होतो, कारण तो रस्ता त्याने बघितलेला नसतो. आज त्याच रस्त्याने गेलेल्या एका बाईंची गोष्ट वाचा. डॉ. कमल रणदिवे.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्यात. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच असावा, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही ऐकलं नाही. फर्ग्युसनला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञाशी. एमएस्सी झाली १९४३ मध्ये. म्हणजे लग्न झालं म्हणून शिक्षण थांबलं नाही. हे साल पुन्हा एकदा वाचा!

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलमध्ये त्यांना गुरू भेटले, डॉ. वसंत खानोलकर. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी पूर्ण झाली. आता खानोलकरांचं मोठेपण बघा. हुशार विद्यार्थिनी आपल्याच लॅबमध्ये धरून ठेवणं सोपं होतं. पण त्यांनीच तिला परदेशी फेलोशिप घ्यायला लावली. कमलताई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकायला गेल्या. जगप्रसिद्ध 'हेला' पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत.

टिश्यू कल्चर म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणं. त्यांना खाऊ हवा, ३७ अंश तापमान हवं, आणि जंतू शिरला की सगळी मेहनत पाण्यात. पुस्तक पाठ करून हे येत नाही. येणाऱ्याच्या शेजारी उभं राहून हात बसवावा लागतो. म्हणून तर एवढ्या लांब जावं लागलं.

तिकडेच राहता आलं असतं. पण त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. जीवशास्त्र, रसायनशास्त्राची तरुण मंडळी सोबत घेतली, पेशींचा खाऊ इथेच बनवला. स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांचं नातं तपासलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालकही होत्या. परदेशात शिकणाऱ्या भारतीयांनी परत यावं, यासाठी त्या प्रयत्न करत राहिल्या.

या कलेची मजा पुढे आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि मग थांबतात. म्हणजे पेशीही म्हातारी होते! कर्करोगाच्या पेशी मात्र थांबतच नाहीत. म्हातारपणावरचं आजचं कितीतरी संशोधन याच तंत्रावर उभं आहे. आजी-आजोबांचं म्हातारपण सुसह्य व्हायचं, तर हे हात बसलेली पोरं-पोरी हव्यात. आणि त्यांना शिकवणारंही कुणीतरी हवं.

कमलताईंना हे कळलं होतं. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. लेकराला कुठे ठेवू, राहू कुठे, या प्रश्नांवर बाईचं विज्ञान अडतं. म्हणून संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं. अकोले तालुक्यातल्या (आपलं शेजारचं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले!) आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेवेचं प्रशिक्षण दिलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही नव्हता.

मग पुढे काय? उद्या कॉलेजात गेलात की एक करा. प्रॅक्टिकल संपल्यावर लगेच बॅग उचलू नका. सरांना, मॅडमना विचारा, मला तुमच्यासोबत काही करता येईल का? विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, तिची चौकशी करा. आणि उद्या तुम्ही सीनियर झालात, एखादी ज्युनिअर दारात घुटमळताना दिसली, तर तिला आत बोलवा.