गुरुजींचं हस्तलिखित दैनिक

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं. शाळा बंद, मुलं घरात कंटाळलेली. गल्लीतल्या मुलांना मी पुराची बातमी लिहायला सांगितली. कुठं, कधी, काय झालं, कुणाचं झालं, एवढं आलं की बातमी झाली, असं समजावलं. एका मुलीनं लिहिलं, घर सोडताना आजीनं आधी देव उचलले, मग रेशनकार्ड. मी मात्र लाल पेन घेऊन तिच्या वेलांट्या सुधारत बसले. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

तेव्हा मला साने गुरुजींची आठवण झाली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. घरची गरिबी. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९२४ साली ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. आईबापांपासून लांब राहणारी ती मुलं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, आजारी मुलाच्या उशाशी बसत.

याच मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढलं. छापखाना नाही, जाहिरात नाही, सगळं हातानं लिहिलेलं! शाळेचं काम, वसतिगृहाचा व्याप सांभाळून हा माणूस मुलांसाठी लिहीत बसायचा. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढलं. मुलांना नुसतं लिहा म्हणून ते थांबले नाहीत, आधी स्वतः लिहिलं.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. तुरुंगवास झाला. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. त्यात राजेमहाराजे नाहीत. पोहायला भिऊन लपणारा मुलगा आणि त्याला बाहेर काढणारी आई आहे. आपल्या घरात घडतं तेच, पण खरं सांगितलेलं. म्हणूनच ते वाचताना अजून डोळे भरतात.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. पन्नाशीही गाठली होती-नव्हती.

मी त्या मुलीच्या घरी गेले. या वेळी लाल पेन नेलं नाही. पुराच्या रात्री मी स्वतः किती घाबरले होते, ते वहीत लिहून नेलं आणि तिलाच वाचायला दिलं. तिनं माझ्याच दोन चुका काढल्या! मग हळूच आपली वही पुढे केली. आजीची ती बातमी आम्ही जशीच्या तशी मोठ्या कागदावर उतरवून जिन्याशी चिकटवली. येणारा-जाणारा थांबून वाचू लागला.

मैत्रिणींनो, मुलांच्या वेलांट्या सुधारतील सावकाश. आज रात्री भांडी आवरल्यावर तुम्हीच चार ओळी लिहा, आणि मुलांना वाचून दाखवा.