सरहद्दीवरील उपदेशक जॉन मेसन पेक

ज्या काळीं अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या पलीकडे धड रस्ते नव्हते आणि शाळा क्वचितच आढळत, त्या काळीं घोड्यावर बसून वस्त्यावस्त्यांतून सुवार्ता सांगत फिरणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन मेसन पेक ह्यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1789 रोजीं कनेक्टिकट प्रांतांतील लिचफील्ड येथें एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्यांचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें. 1809 सालीं सॅली पेन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पहिलें मूल झाल्यावर बालकाचा बाप्तिस्मा करावा कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला. त्या उभयतांनीं त्याविषयीं शास्त्रांत शोध केला आणि 1811 सालीं तीं दोघें बाप्तिस्त मंडळींत सामील झालीं.

1815 सालीं त्यांची ल्यूथर राइस ह्यांच्याशीं गांठ पडली. हे राइस 1812 सालीं गॉर्डन हॉल ह्यांच्याबरोबर एकाच गलबतांतून हिंदुस्थानास आले होते. हॉल मुंबईस आले व त्यांनीं मराठी मिशनाचा पाया घातला. राइस कलकत्त्यास बाप्तिस्मा घेऊन स्वदेशीं परतले आणि मिशनकार्याकरितां मंडळ्यांस जागें करूं लागले. त्यांच्या भेटीनें पेक ह्यांचें अंतःकरण पेटलें.

1817 सालीं बाप्तिस्त मंडळ्यांच्या मिशनानें त्यांस व जेम्स वेल्च ह्यांस सेंट लुइस येथें नेमिलें. पत्नी व तीन मुलें ह्यांसह पेक जुलैंत निघाले. छकडा आणि होडी ह्यांनीं प्रवास करीत 1 डिसेंबरास ते तेथें पोंहचले, तेव्हां ते आजारानें इतके खंगले होते कीं त्यांस उचलून नावेंतून उतरवावें लागलें. तरी 1818 च्या फेब्रुवारींत तेथें बाप्तिस्त मंडळी स्थापन झाली. काळ्या लोकांसाठींहि त्यांनीं शब्बाथ शाळा उघडली. श्रमानें पैसा मिळवून आपलें स्वातंत्र्य विकत घेतलेले जॉन बेरी मीचम ह्या कामांत त्यांचे साह्यकारी झाले. 1825 सालीं पेक ह्यांनीं त्यांस पाळकपदाची दीक्षा दिली.

1820 सालीं कसोटी आली. मिशनानें सेंट लुइसचें काम बंद करून त्यांस दुसरीकडे जाण्यास सांगितलें, आणि त्याच वर्षीं त्यांचा वडील मुलगा वारला. वेतन नाहीं, घरांत शोक, अशा स्थितींत घरीं परत जाणें सोपें होतें. परंतु हातीं घेतलेलें शेत अर्धें नांगरून सोडावें, असें त्यांच्या मनास पटेना. ते तेथेंच राहिले. 1822 सालीं मॅसॅच्युसेट्सच्या बाप्तिस्त मिशनरी मंडळानें कामाच्या दर आठवड्यास 5 डॉलर देण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं त्यांनीं इलिनॉय प्रांतांत रॉक स्प्रिंग येथें शेत करून बिऱ्हाड केलें.

गुलामगिरीस वाट देणारी राज्यघटना करावी कीं काय, ह्याविषयीं 1824 सालीं इलिनॉयांत मतें घेण्यांत आलीं, तेव्हां पेक गुलामगिरीच्या विरुद्ध उभे राहिले. लोकांनींहि ती सूचना फेटाळिली. विरोध घरचाहि होता. उपदेशकांस शिक्षण नको, मिशनमंडळें नकोत, असें म्हणणारे पुष्कळ बाप्तिस्त उपदेशकच होते. पेक ह्यांनीं त्यांस कामानें उत्तर दिलें. 1827 सालीं त्यांनीं रॉक स्प्रिंग येथें विद्यालय काढिलें. तेंच पुढें अपर ऑल्टन येथें जाऊन शर्टलेफ कॉलेज झालें. 1829 सालीं वर्तमानपत्र सुरू केलें, 1831 सालीं नव्या वसाहतवाल्यांकरितां माहितीचें पुस्तक छापिलें, आणि 1832 सालीं जोनाथन गोइंग ह्यांच्यासह अमेरिकन बाप्तिस्त होम मिशन सोसायटी उभारण्यास हात लाविला.

1852 सालीं रॉक स्प्रिंगच्या इमारतीस आग लागली व अनेक वर्षें जमविलेला त्यांचा ग्रंथसंग्रह जळाला. त्याच वर्षीं, बालपणीं फारशी शाळा न लाभलेल्या ह्या शेतकऱ्याच्या मुलास हार्वर्ड विद्यापीठानें डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली. 1858 च्या मार्चांत ते प्रभूमध्यें निद्रित झाले. ज्या सेंट लुइस नगरांत ते आजारी स्थितींत उतरले होते, तेथेंच त्यांचें थडगें आहे.

वाचकहो, आपल्या लहान मंडळींत वेतन अपुरें व माणसें थोडीं असतील. पण पेक ह्यांचें मोठें काम त्यांचें वेतन थांबल्यावरच उभें राहिलें, हें आपण विसरूं नये.