आर्लीन ओजे

आर्लीन ओजे (१३ सप्टेंबर, १९३९ – १० जून, १९९३) या अमेरिकन सोप्रानो गायिका होत्या. बाख, हँडेल, हायडन आणि मोत्सार्ट यांच्या धार्मिक रचनांच्या गायनासाठी त्या प्रामुख्याने ओळखल्या जातात. सोप्रानो ही पाश्चात्त्य संगीतातील स्त्रीकंठाची सर्वांत उंच पट्टी होय.

== प्रारंभिक जीवन ==
ओजे यांचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात झाला. त्यांचे वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक असल्याने चर्चमधील गायनाशी त्यांचा बालपणापासून परिचय होता. १९६३ साली लाँग बीच येथून शिक्षणशास्त्रातील पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत अध्यापन केले. त्याच सुमारास त्या गायनाचे शिक्षण घेऊ लागल्या. १९६७ मध्ये एका गायनस्पर्धेत पारितोषिक मिळाल्यामुळे त्यांना व्हिएन्नाला जाण्याची संधी लाभली.

== व्हिएन्ना ==
ऑपेराच्या रंगभूमीचा फारसा अनुभव नसतानाही व्हिएन्ना स्टेट ऑपेराने त्यांच्याशी करार केला. १९६७ मध्ये योसेफ क्रिप्स यांच्या संचालनाखाली मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’मधील निशाराणीच्या भूमिकेतून त्यांनी पदार्पण केले. अत्युच्च स्वर आणि द्रुत ताना यांमुळे ही भूमिका अवघड मानली जाते. १९६९ मध्ये न्यू यॉर्क सिटी ऑपेरातही त्यांनी हीच भूमिका केली.

== धार्मिक संगीत ==
१९७४ मध्ये त्यांनी व्हिएन्नातील कायमचे पद सोडले. स्थिर उत्पन्नाचा त्याग करणारा हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीस कलाटणी देणारा ठरला. त्यानंतर त्यांनी मैफली, धार्मिक संगीत आणि कलागीते यांवर भर दिला. हेल्मुट रिलिंग यांनी बाखच्या सर्व धार्मिक कँटाटांचे ध्वनिमुद्रण १९८५ मध्ये पूर्ण केले. त्यातील प्रमुख सोप्रानोंमध्ये ओजे यांचा समावेश होता. झाल्सबुर्ग व फ्रँकफर्ट येथे त्यांनी अध्यापनही केले.

ऑपेराशी त्यांचा संबंध मात्र पूर्णपणे तुटला नाही. १९७८ मध्ये त्या न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘फिडेलियो’मध्ये गायल्या. २३ जुलै, १९८६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजपुत्र अँड्र्यू यांच्या विवाहप्रसंगी त्यांनी मोत्सार्टची रचना गायली. दूरचित्रवाणीमुळे हे गायन जगभर पोहोचले. ५ डिसेंबर, १९९१ रोजी मोत्सार्टच्या मृत्यूला २०० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हिएन्नातील सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये झालेल्या प्रार्थनाविधीत गेओर्ग शोल्टी यांच्या संचालनाखाली त्याचे ‘रेक्विएम’ सादर झाले. त्यातील सोप्रानो गायन ओजे यांनी केले.

== समकालीन संगीत ==
स्त्रीप्रेमावरील रूढ जर्मन गीतमालांमध्ये प्रौढ स्त्रीच्या अनुभवाला स्थान नसल्याचे ओजे यांना जाणवत असे. शूमानची सुप्रसिद्ध गीतमाला हे त्याचे ठळक उदाहरण होते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी अमेरिकन संगीतकार लिबी लार्सन यांच्याकडे नव्या रचनेची इच्छा व्यक्त केली. त्यातून एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांवर आधारित ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’ ही सहा गीतांची माला निर्माण झाली. तिचे ध्वनिमुद्रणही ओजे यांनीच केले.

== निधन ==
१९९२ च्या प्रारंभी मेंदूत गाठ असल्याचे निदान झाल्याने त्यांना गायन थांबवावे लागले. १० जून, १९९३ रोजी नेदरलँड्समधील लेउस्डेन येथे वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लार्सन यांच्या गीतमालेचा समावेश असलेल्या ‘द आर्ट ऑफ आर्लीन ओजे’ या ध्वनिमुद्रणास १९९४ मध्ये मरणोत्तर ग्रॅमी पुरस्कार मिळाला.