जखमेचे कोडे आणि गोळीचे छायाचित्र

नेमबाजीची मंदगती चित्रफीत आज कुणालाही मोबाइलवर पाहता येते. पण उडत्या गोळीभोवतीच्या हवेचे काय होते, हे प्रथम दिसले १८८६ मध्ये. त्या प्रयोगामागचा प्रश्न वैद्यकातला होता.

१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंचांच्या नव्या शास्पो बंदुकीची गोळी लागली की विवरासारखी मोठी जखम होई. फुटणाऱ्या गोळ्यांवर १८६८ मध्येच बंदी आली होती, त्यामुळे ती मोडल्याचे आरोप सुरू झाले. बेल्जियमचे मेल्सेन्स यांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते गोळीपुढे दाबली गेलेली हवाच शरीरात घुसून घाव घालते. १८८१ मध्ये पॅरिसला त्यांचे व्याख्यान ऐकून अर्न्स्ट माख यांनी ती हवा डोळ्यांनी पाहायचेच ठरवले.

माख यांचा जन्म १८३८ चा, ब्रनोजवळचा. त्या वेळी ते प्रागमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. इतका वेगवान कॅमेरा तेव्हा नव्हताच. त्यांनी अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडाच ठेवला. गोळी तारांना भिडली की विद्युतमंडल पूर्ण होई, ठिणगी पडे आणि तेवढ्या लखलखाटात काचेवर चित्र उमटे. हवेच्या घनतेतला फरक प्रकाशछायेत दाखवणारी टोप्लर यांची श्लीरेन पद्धत त्यांनी जोडीला घेतली. सुरुवातीच्या चित्रांत गोळी आली, पण तिच्यापुढे काहीच नाही! पिस्तुलाच्या त्या गोळ्या ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, हळू होत्या. मग त्यांनी फियूमे (आजचे क्रोएशियातील रियेका) येथील नौदल अकादमीचे पेटर झाल्खर यांना अधिक वेगवान गोळ्यांवर प्रयोग करण्याची विनंती केली. झाल्खर यांच्या काचेवर नावेपुढच्या लाटेसारखी रेघ उमटली. १८८७ मध्ये दोघांच्या नावे निबंध निघाला. झाल्खर यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, हे खटकते.

ती रेघ होती दाबलेल्या हवेचा पातळ पडदा. एवढ्याशा हवेने हाड फुटत नाही. वेगवान गोळी शरीरातल्या पाणीदार ऊती बाजूला फेकते आणि तिच्या जाडीच्या कित्येक पट पोकळी क्षणभर तयार होते, हे शल्यचिकित्सक आज जाणतात. म्हणूनच बाहेरचे छिद्र लहान असले तरी आतली इजा मोठी असू शकते.

न्यूटनच्या निरपेक्ष अवकाशावर माख यांनी घेतलेल्या आक्षेपांनी आइन्स्टाइनला प्रेरणा दिली. अणूंचे अस्तित्व मात्र ते नाकारत राहिले. १८९८ मध्ये रेल्वे प्रवासात त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. १९१६ मध्ये म्युनिकजवळ त्यांचे निधन झाले. विमानांचा वेग सांगताना आपण ‘मॅक’ म्हणतो, ते त्यांचेच नाव. १९२९ मध्ये ते रूढ झाले. त्याच म्युनिकमध्ये १९८० साली डॉक्टरांनी शरीराबाहेरून आघाततरंग सोडून एका रुग्णाचा मुतखडा प्रथमच फोडला.