गतीचा लेखनिक : एतियन-ज्यूल मारे

रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘बेवुल्फ’ हा चित्रपट नोव्हेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला. जुन्या इंग्रजी भाषेतील तीन हजारांहून अधिक ओळींचे हे वीरकाव्य सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या एकमेव हस्तलिखितात टिकून राहिले आहे. ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी निःशस्त्र झुंजणारा आणि उतारवयात ड्रॅगनला सामोरा जाणारा योद्धा हा त्याचा नायक. पडद्यावरचा बेवुल्फ उंचापुरा, पिळदार आणि तरुण दिसतो. त्याची चाल, त्याचे वळणे, त्याचा हात उगारणे मात्र पन्नाशीला टेकलेल्या, स्थूल बांध्याच्या रे विन्स्टन यांचे आहे. अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखावर बारीक चमकदार ठिपके लावून विन्स्टन यांनी अभिनय केला. भोवतीच्या कॅमेऱ्यांनी त्या ठिपक्यांचा प्रवास टिपला आणि संगणकाने त्यावर दुसरेच शरीर चढवले. या तंत्राला ‘मोशन कॅप्चर’ म्हणतात. ते संगणकयुगाचे अपत्य मानले जाते. परंतु शरीर वजा करून केवळ त्याची गती उरवावी, हा विचार पॅरिसमध्ये १८८३ सालीच प्रत्यक्षात आला होता. तो आणणारा माणूस चित्रपटाशी संबंधित नव्हता. तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता.

एतियन-ज्यूल मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांना अभियंता व्हायचे होते, पण वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. १८४९ साली ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी पॅरिसला आले. मनातला अभियंता मात्र गेला नाही. शरीर हेही एक यंत्र आहे आणि यंत्राप्रमाणेच त्याचे मोजमाप करता येईल, ही त्यांची आयुष्यभराची धारणा झाली.

त्यांचे पहिले गाजलेले उपकरण १८६० सालचे. मनगटावर बसवलेली एक हलकी तरफ नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उचलली जाई आणि काजळी धरलेल्या कागदावर वक्ररेषा उमटे. वैद्याच्या बोटांना जे केवळ जाणवत होते, ते आता कागदावर दिसू लागले. डोळा चुकतो आणि स्पर्श फसवतो. तेव्हा शरीरानेच आपली कहाणी लिहावी आणि शास्त्रज्ञाने ती वाचावी, हा या उपकरणामागचा दृष्टिकोन होता. १८६९ साली ते ‘कोलेज द फ्रान्स’ या प्रतिष्ठित संस्थेत प्राध्यापक झाले.

नाडीनंतर त्यांचे लक्ष प्राण्यांच्या चालीकडे वळले. घोड्याच्या खुरांखाली हवा भरलेले रबरी कप्पे बसवून त्यांच्या नळ्या स्वाराच्या हातातील नोंदयंत्राला जोडण्यात आल्या. खूर टेकला की हवा दाबली जाई आणि लेखणी हले. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात, हे मारे यांनी अशा रीतीने दाखवून दिले आणि १८७३ साली प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथात मांडले. त्या निष्कर्षांनी कॅलिफोर्नियातील धनाढ्य अश्वशौकीन लेलँड स्टॅनफर्ड यांचे कुतूहल वाढले. त्यांच्या आश्रयाने छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या १२ कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली.

ही छायाचित्रे पाहून मारे भारावले, पण त्यांतील उणीवही त्यांनी हेरली. बारा कॅमेरे म्हणजे बारा ठिकाणांहून पाहणे. त्यांतील कालांतरही काटेकोर सारखे नव्हते. मारे यांना एकाच जागेवरून, समान अंतराने घेतलेल्या नोंदी हव्या होत्या. १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. चाप ओढताच आतील तबकडी फिरे आणि सेकंदात १२ चित्रे उमटत. नेपल्सच्या किनाऱ्यावर, जिथे ते हिवाळा घालवीत, या बंदुकीने त्यांनी उडते पक्षी टिपले.

त्याच वर्षी पॅरिसच्या सीमेवर, ब्वा द बुलोन्य परिसरात, त्यांचे शरीरक्रिया केंद्र उभे राहिले. तेथील दैनंदिन कामाची धुरा झॉर्झ देमेनी या तरुण सहायकाकडे होती. काळ्या पार्श्वभूमीसमोरून पांढऱ्या कपड्यातील माणूस चालत जाई आणि भोके पाडलेल्या फिरत्या चकतीमागे एकाच काचेवर त्याच्या क्रमवार प्रतिमा उमटत. अडचण अशी, की प्रतिमांची संख्या वाढवली की त्या एकमेकींवर चढत आणि कोणता पाय कोणत्या क्षणाचा, हे कळेनासे होई.

मारे यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. पांढऱ्याऐवजी त्यांनी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत झाकले. हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर चमकते ठिपके लावले. काळ्या पडद्यासमोर शरीर नाहीसे झाले. काचेवर उरला फक्त रेषांचा पंखा. त्यावरून पावलाची लांबी, गुडघ्याचा कोन आणि चालण्यात खर्ची पडणारे श्रम मोजता येऊ लागले. त्या काळ्या पोशाखात अनेकदा स्वतः देमेनीच असत. काचेवर त्यांचा चेहरा दिसत नाही. दिसते ती त्यांची चाल.

१८८८ साली मारे कागदी फितीकडे आणि १८९० साली सेल्युलॉइडकडे वळले. थॉमस एडिसन १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी आले असता त्यांनी मारे यांचे हे काम पाहिले होते. चित्रपटाची जवळजवळ सारी सामग्री मारे यांच्या हाती होती. त्यांच्या फितीला छिद्रे नव्हती, त्यामुळे चित्रांमधील अंतर असमान राही. मोजमापाला त्याने फारसे बिघडत नव्हते. पडद्यावर सफाईने दाखवायला मात्र ते चालणारे नव्हते, आणि पडद्यावर दाखवणे हे मारे यांचे ध्येयच नव्हते. डोळ्याला जे एरवीही दिसते तेच पुन्हा दाखवण्यात विज्ञानाला काय लाभ, असे त्यांचे मत होते. गती संथ करून किंवा वेगवान करून डोळ्याला न दिसणारे दाखवावे, एवढ्यापुरतेच त्यांना चलच्चित्राचे मोल वाटे.

देमेनी यांना मात्र त्यात व्यवसाय दिसत होता. बोलणाऱ्या चेहऱ्याची चित्रे हलती करून दाखवणारे यंत्र त्यांनी बनवले होते आणि ते बाजारात आणण्याची त्यांची धडपड सुरू होती. प्रयोगशाळा ज्ञानासाठी की कमाईसाठी, या प्रश्नावर गुरुशिष्यांचे बिनसले आणि १८९४ साली देमेनी यांना केंद्र सोडावे लागले. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवला. सिनेमाचा शोध ल्युमिएरांच्या नावावर जमा झाला.

मारे आपल्या वाटेवरून ढळले नाहीत. पडणारे मांजर हवेतच वळून पायांवर कसे येते, हे त्यांनी १८९४ साली चित्रमालिकेतून दाखवले होते. अखेरच्या वर्षांत धुराच्या बारीक धारा सोडून त्यांनी हवेच्या प्रवाहांचीही छायाचित्रे घेतली. १९०४ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. जेथे त्यांनी काम केले, त्या परिसरात आज रोलां गारोचे टेनिस संकुल आहे.

‘बेवुल्फ’च्या वेळी नटांच्या डोळ्यांची हालचाल टिपण्यासाठी डोळ्यांभोवती विद्युत्संवेदकही लावण्यात आले होते. शरीराचे सूक्ष्म विद्युत्संकेत नोंदवण्याची ही पद्धत थेट शरीरक्रियाशास्त्राच्या घरातील. अशा चित्रपटातील कामाला अभिनय म्हणावे की ॲनिमेशन, हा वाद तेव्हापासून रंगला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१० साली केवळ मोशन कॅप्चर म्हणजे ॲनिमेशन नव्हे, असे नियमांत स्पष्ट केले. मारे यांच्या काचांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. तेथे चेहरा, वय, बांधा सारे पुसले गेले आहे. तरीही त्या पांढऱ्या रेषांतून चालत गेलेला माणूस कोणी एक विशिष्ट माणूस आहे, हे नाकारता येत नाही. केवळ मोजण्यासाठी म्हणून मारे यांनी गती शरीरापासून वेगळी केली. सव्वाशे वर्षांनी तीच गती एका प्राचीन काव्याच्या नायकाला उभे करण्याच्या कामी आली आणि ज्या करमणुकीकडे त्यांनी पाठ फिरवली होती, तिनेच त्यांची रीत जगभर नेली.